पाच आकड्यांचा तळहात

“चार... पाच... सहा,” वेनिआमिन साव्विच मोठ्याने मोजत होते. उजवा तळहात त्यांनी भिंतीवरच्या रेग्युलेटरवर सपाट टेकवला होता आणि डावा हात कोटाच्या खिशात होता. “सात. कुठं तापलंय रे अर्सेनी? उगाच जेवत्या माणसाला ताटावरून उठवलंस.”

अर्सेनी घडी घातलेल्या एका गोधडीवर बसून स्वतःचं बोट चोखत होता. साव्विच यायच्या जरा आधी त्याने हेच बोट त्याच जागी लावून बघितलं होतं, आणि शिवी हासडून मागे घेतलं होतं. दारात रांगेतल्या आणखी दोघातिघांसोबत उभ्या असलेल्या मकारने ते पाहिलं होतं. त्याच्या हातात अर्धी खाल्लेली खारी काकडी होती आणि ती आता तो चावायचाही थांबला होता.

“हात काढायला सांगू का?” अर्सेनीने नजरेनेच विचारलं.

“मोजू द्या की त्यांना,” मकार म्हणाला. “मास्तर मोजतायत.”

कामा नदीच्या काठच्या त्या गॅरेजांच्या रांगेत गाड्या कमी आणि भट्ट्या जास्त होत्या. घरी बायका वासाला कावतात, म्हणून पुरुषमंडळी इथे येऊन आपापली दारू गाळत. स्टीलच्या पिंपात तीन किलोवॉटची कॉइल, वर तांब्याची नळी, आणि कॉइलची आच कमीजास्त करायला भिंतीवर एक रेग्युलेटर. आच नीट सांभाळली तर दारू थेंबाथेंबाने स्वच्छ उतरते. रेग्युलेटर जळला की कॉइल पुऱ्या जोराने पेटते, पिंपातलं आंबवण फसफसून नळीत चढतं आणि सगळा माल गढूळ होतो. रांगेतले अकराच्या अकरा रेग्युलेटर साव्विचनी बनवलेले होते. चाळीस वर्षं कारखान्यात विजेचं काम केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला रांगेत मान होता तो याच अकरा डब्यांमुळे. शनिवारी कोणाचीही पहिली धार उतरली की पहिला पेला साव्विचसमोर यायचा.

डब्याच्या पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा ठोकळा असे, आतली उष्णता बाहेर टाकायला. तो ठोकळा किती तापतो हे बघायची साव्विचची एकच रीत होती. तळहात टेकवायचा आणि मोजायचं. पाचपर्यंत सोसलं तर डबा ठीक. तीनला हात काढावा लागला तर काहीतरी बिघडलंय. थर्मामीटर आणा म्हटलं की ते म्हणत, “मी काय नर्स आहे?”

आणि आता पंधरा दिवसांत दोन डबे जळले होते. त्यातला एक अर्सेनीचा. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी लावलेला घाणा नासला होता, आणि अर्सेनी रांगेचा अध्यक्ष होता. त्याला साव्विचनी लगेच दुसरा डबा दिला, तर आज तोही तव्यासारखा तापला.

“दहा,” साव्विच म्हणाले आणि हात काढला. काढताना तो जरा चिकटल्यासारखा झाला. “थंडगार आहे.”

मग त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली, आणि मग आपला हात. तळहातावरची कातडी पांढरी पडून सुटली होती, ठोकळ्याच्या खाचांच्या ओळी तिच्यावर उमटल्या होत्या. साव्विच त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसे बघत राहिले.

पहिला मकार हसला. मग बाकीचेही हसले, कारण न हसता तिथे उभं राहणं फारच अवघड होतं.

घरी त्यांच्या बायकोने, कपितोलिनाने, हात गार पाण्याच्या बादलीत बुडवला. तिचं तोंड चालू होतं, आणि ते चालू होतं तोवर साव्विचना बरं वाटत होतं.

“परवा तवा उचललास नुसत्या हाताने, तेव्हाच मी ओरडले होते. म्हणालास, गार झालाय. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं वेन्या? रक्तात साखर वाढली की आधी बोटं बधिर होतात म्हणून. तू मला सांगितलंस, पायाची म्हणाल्या.”

“पायाचीच म्हणाल्या.”

“दुखतंय?”

“नाही.”

“देवा,” ती म्हणाली आणि मग गप्प झाली. ते मात्र साव्विचना सोसलं नाही.

चार दिवसांनी ते आपल्या गॅरेजवर गेले तर दारात बटाट्याचं पोतं ठेवलेलं होतं. आत डबे. अकराच्या अकरा, आणि अर्सेनीला नंतर दिलेला बारावा. कोणी दार ठोठावलं नव्हतं की चिठ्ठी ठेवली नव्हती. शहरातून तयार रेग्युलेटर मागवले गेले होते आणि ते एकाच दिवशी सगळ्या भिंतींवर चढलेही होते. ज्यांचे डबे सात-सात वर्षं बिनतक्रार चालले, त्यांनीसुद्धा ते उतरवून पोत्यात टाकले होते. एकाच्या झाकणावर कोणीतरी खडूने पंजा काढला होता.

साव्विचनी पट्टी बांधलेल्या हाताने एकेक डबा उघडला. प्रत्येक स्क्रू घट्ट. सांधे चकचकीत. ठोकळा आणि वीज कमीजास्त करणाऱ्या काळ्या ट्रायॅकच्या मधली पांढरी पेस्ट हवी तेवढीच पातळ. दोन डब्यांतले ट्रायॅक जळले होते, पण का जळले ते काही केल्या कळेना. त्यांचे ट्रायॅक बदलले, मीटर लावून तीन तीन तास एकेक डबा पिंपावर चालवून बघितला, तर एकही जादा तापला नाही. या वेळी त्यांनी कपितोलिनाचा स्वयंपाकघरातला थर्मामीटर वापरला होता. डब्यात चूक सापडली असती तर त्यांना हलकं वाटलं असतं. माणसाची चूक होते. पण डबे निर्दोष होते, आणि तरीही ते पोत्यात होते. हे त्यांना गिळवेना.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी फोन आला. अर्सेनी बोलत होता.

“साव्विच, ये की जरा. रेग्युलेटरचं काम आहे.”

‘या’ ऐवजी ‘ये’ आलं होतं, पण साव्विचनी ते कानाआड केलं. त्यांनी हत्यारांची पिशवी घेतली, दाढी केली, आणि कपितोलिनाने नको म्हटलं तरी निघाले. “बोलावतायत,” ते म्हणाले. “नवा माल बिघडला वाटतं.” त्यांचा आवाज महिन्यात पहिल्यांदा चढलेला होता.

गॅरेजमध्ये चारपाच जण होते. मधल्या फळीवर काळा पाव, मिठातली चरबी, मशरूमचं लोणचं. अर्सेनीचा शहरातला मेव्हणा पाहुणा आला होता, गुबगुबीत, लाल नाकाचा.

“हाच तो,” मकार पाहुण्याला म्हणाला. “बघा आता.”

“काय बिघडलंय?” साव्विचनी पिशवी खाली ठेवत विचारलं.

“काहीच नाही रे,” अर्सेनी म्हणाला. “मस्त चाललंय. तू फक्त हात लावून दाखव. मेव्हण्याचा विश्वास बसत नाहीये. सहापर्यंत मोजशील म्हणून मी त्याच्याशी पैज लावलीय.”

साव्विच उत्तर देणार तोच त्यांची नजर भिंतीवर गेली. नवा रेग्युलेटर दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक गोधडी होती, दोरीने करकचून बांधलेली. तीच गोधडी. त्या दिवशी अर्सेनी जिच्यावर बसला होता ती.

“हे काय?”

“काय म्हणजे? थंडी पडलीय,” अर्सेनी म्हणाला. “गाडीची बॅटरी गुंडाळतोच ना आपण? मग एवढ्या महागाच्या वस्तूला उघड्यावर ठेवायचं? आता सगळ्यांनीच गुंडाळलेत.”

“माझ्या डब्यालाही गुंडाळली होती?”

“यंदाच्या पहिल्या थंडीपासून, मी आणि शेजाऱ्याने. तुला दाखवताना तेवढी काढली. म्हटलं, डबा मोकळा दिसू दे.”

साव्विच एकदम खाली बसले, एका उलट्या बादलीवर. डबे त्यांनी प्रत्येकाच्या हातात देताना सांगितलं होतं, भिंतीवर मोकळा टांगा, त्याला वारा लागू द्या. थंडी आली की या रांगेत जे जे जिवाचं असतं ते गुंडाळलं जातं, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. ते स्वतः बॅटरी गुंडाळत होते.

“म्हणून जळले,” ते म्हणाले. “डब्यांत काही खोट नव्हती. उष्णता बाहेर जायलाच जागा नव्हती. हाही जळेल. सगळेच जळतील. गोधडी काढा.”

कोणीतरी लोणच्याची बरणी उघडली.

“बरं, डबे चांगले होते,” मकार म्हणाला. “मान्य. आणि हात?”

सगळे हसले. पाहुणा जास्तच हसला, कारण त्याला नवीन होतं. अर्सेनीने मात्र हसता हसता नजर वळवली. त्याला समजलं होतं, हे साव्विचनी पाहिलं. आणि तो मानणार नाही, हेही पाहिलं. मानलं तर लग्नाचा घाणा नासल्याचा दोष त्याच्याच अंगावर आला असता.

“अरे, दाखव की म्हाताऱ्या,” मकार म्हणाला. “पहिला पेला तुझा.”

साव्विच उठले. दोरीची गाठ त्यांना उजव्या हाताने सुटेना, म्हणून त्यांनी ती दातांनी सोडवली. गोधडी उतरवून, घडी करून बाजूला ठेवली. मग डावा हातमोजा काढला. हा हात अजून शाबूत आहे, अशी त्यांची महिनाभर समजूत होती. कपितोलिनालाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्यांनी तळहात ठोकळ्यावर टेकवला.

“एक,” पाहुणा मोजू लागला. “दोन.”

साव्विच वाट बघत होते. त्यांचं सगळं लक्ष त्या हातात उतरलं होतं, लहान मूल दार उघडायची वाट बघतं तसं. तीन झाले. चार झाले. चटका आलाच नाही.

पाचला त्यांनी हात काढला आणि दिव्याखाली धरला. तळहात लालबुंद झाला होता, मधोमध पांढरा फोड वर येत होता. त्यांनी तो कागदावरचा आकडा वाचावा तसा शांतपणे वाचला.

“गरम आहे,” ते म्हणाले. “फार गरम आहे. झाकू नका.”

“सहा झाले नाहीत,” पाहुणा म्हणाला. “पैज मी जिंकलो.”

पैजेवरून वाद सुरू झाला. पेला भरायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. साव्विचनी पिशवी खांद्याला अडकवली. दारातून बाहेर पडताना त्यांना मागे दिसलं, अर्सेनी गोधडी पुन्हा डब्याभोवती घालत होता आणि मकारने दोरी धरली होती.

बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं. रांगेच्या कडेला साठलेल्या बर्फात त्यांनी भाजलेला हात दाबून धरला आणि तसेच उभे राहिले. बोटांच्या भोवतीचं बर्फ हळूहळू वितळत होतं. ते त्यांना दिसत होतं.