नयनाचं अपेंडिक्स

पाठीने दार ढकलून डॉक्टर लक्ष्मीदेवी बाहेर आल्या, तेव्हा ऑपरेशन सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. हातमोजे घातलेले दोन्ही हात त्यांनी छातीशी, कशालाही न शिवता धरले होते. बाकावरून संयोगिता झटकन उठली. शेजारी तिची थोरली नणंद तानूबाई होती. ती उठली नाही, बसल्या जागी तिने पदर सावरला.

"नयनाचं मागे एक ऑपरेशन झालंय म्हणालात," डॉक्टरांनी कानडीत विचारलं. "कसलं?"

"अपेंडिक्सचं. पाच वर्षांची होती तेव्हा. काल सांगितलं होतं मी तुम्हाला."

"अपेंडिक्स जागच्या जागी आहे. मी आत्ता बघून आले."

संयोगिताला हसू आलं. असल्या वेळी माणसाला काहीही येतं. "तसं कसं होईल? व्रण आहे की तिला."

"व्रण आहे. अपेंडिक्सही आहे. उजवं अंडाशय नाही." डॉक्टर सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होत्या. "एक बाजू काढायच्या आधी मी दुसरी हाताने चाचपून बघते. काल आपलं बोलणं झालं होतं, आठवतं? गाठ डावीकडे आहे, ती काढू, उजवी बाजू राहील. पाळी यायला, पुढे मूल व्हायला एक बाजू पुरते. सोनोग्राफीत उजवी दिसत नव्हती. गाठच एवढी मोठी, तिच्यामागे झाकली गेली असेल असं मला वाटलं. ती झाकलेली नाही. ती नाहीच."

आत टेबलावर अकरा वर्षांची पोर पोट उघडं टाकून निजलेली, आणि इथे उभं राहून तिच्या जन्माचा हिशेब चाललेला. संयोगिताने बाकाची कड धरली.

"मग डावीतलंच थोडं ठेवा ना, डॉक्टर. स्वल्प."

"निरोगी तुकडा दिसला तर ठेवीनच. मला दिसत नाही. चिरून शोधायला जावं, तर गाठ फुटून पोटभर पसरायची भीती. आणि गाठीची लक्षणं मला चांगली दिसत नाहीत. मागच्या वेळी हिच्याजवळ कोण होतं?"

मागच्या वेळी संयोगिता दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी, संडूरला गेली होती. नयनाची शाळा बुडू नये म्हणून तिला राजाजीनगरच्या घरी अक्काजवळ ठेवलं होतं. तानूबाईला घरात, गल्लीत, सगळे अक्काच म्हणत. त्या घरातलं पान अक्कावाचून हलत नसे. बारशासाठी तिचा नवरा अभिमन्यूही संडूरला आला आणि नेमक्या त्याच दिवशी पोरीचं पोट दुखायला लागलं. शेजारच्या दुकानातून अक्काचा फोन आला तो सगळं आटोपल्यावर. अपेंडिक्स होतं, काढलं, पोर खुशाल आहे, धावत येऊ नका, बाळाला सांभाळा. परत आल्यावर संयोगिता अक्काच्या पाया पडली होती. माहेरहून आलेली इरकल साडी तिने स्वतः न नेसता अक्काला दिली होती. आज अक्का तीच नेसून आली होती.

"अक्का?"

तानूबाईने डॉक्टरांकडे पाहिलं, भावजयीकडे नाही. "गाठ होती. तिला पीळ पडला होता. सगळं काळं पडलंय, काढावंच लागेल म्हणाले. मी सही केली."

"दुसरी बाजू दरवर्षी तपासून घ्या, असं सांगितलं होतं त्यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "लिंबाएवढी असताना सापडली असती, तर नुसती गाठ सोलून काढली असती," त्या म्हणाल्या, "बाकीचं ठेवता आलं असतं." मग संयोगिताकडे वळून म्हणाल्या, "मला आत जायला हवं. काढू ना?"

"पोर राहील?"

"राहावी म्हणूनच काढायचं. गाठ तपासून येईपर्यंत मला याच्यापुढे काही सांगता येणार नाही."

"काढा," संयोगिता म्हणाली.

दार बंद झालं. संयोगिता बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मधे कॉफीचा फ्लास्क होता, पोरीचा स्वेटर होता आणि पोरीने इथल्या इथे अक्काकडून घालून घेतलेल्या वेणीची सोडलेली रिबीन होती.

"मला तरी सांगायचं होतंत," ती मराठीत म्हणाली. "मी तिची आई आहे."

"तू तुझ्या आईला सांगितलं असतंस. तिने तुझ्या मामीला. आपल्या लोकांची घरं ती किती ह्या गावात? पोर परकर-पोलक्यात येईपर्यंत सगळीकडे झालं असतं, अभिमन्यूच्या पोरीला एकच बाजू आहे म्हणून." अक्काचा आवाज चढला नाही. "झाकली मूठ बरी असते, संयोगिता. तुझ्या तोंडून खोटं निघालं नसतं. म्हणून तुलाही ते खरं वाटू दिलं."

"आणि तपासणी? दरवर्षी जायला सांगितलं होतं ना?"

"कुठल्या नावाने नेणार होते तिला?" अक्का पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "अपेंडिक्सची दरवर्षी तपासणी असते काय ग?"

संयोगिताला त्या क्षणी तिचा जीव घ्यावासा वाटला. तिने तोंडात पदर कोंबला. तिला ठाऊक होतं की आठ वर्षं संसार झाल्यावर ह्या बाईला एका पेटीसह भावाच्या दारात आणून सोडलं होतं. तिच्या नवऱ्याला दुसरीपासून चार मुलं झाली. घरात त्यावर कोणी कधी बोलत नसे. अक्काने भावाच्या लेकरांना मांडीवर घेतलं ते उतरवलंच नाही.

"त्या पोरीच्या कपाळी माझं नशीब नको होतं मला," अक्का म्हणाली. "दुसरं काही नाही."

"तेच आलं."

"हो. तेच आलं."

अभिमन्यू रक्ताची बाटली घेऊन जिना चढून आला, तेव्हा दोघी बाकाच्या दोन टोकांना होत्या. "एनाय्तु?" त्याने विचारलं. काय झालं? संयोगिताने दाराकडे बोट दाखवलं. त्याने बाटली आत नेऊन दिली, आणि दुसरी जागाच नसल्यामुळे तो बायको आणि बहीण यांच्या मधे, फ्लास्क मांडीवर घेऊन बसला.

डावी बाजू राहिली नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी नवरा-बायकोला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. गर्भाशय ठेवलं आहे. पाळी आणायची तर ती गोळ्यांनी, पुढच्या वर्षी. गाठीचा अहवाल यायचा आहे. बरा आला तरी दर महिन्याला रक्त तपासायला आणायचं, चुकवायचं नाही. अहवाल वाईट आला तर, एवढं म्हणून त्यांनी टेबलावरचा पेपरवेट सरकवला आणि तेव्हाचं तेव्हा बघू म्हणाल्या. अभिमन्यूने मागच्या ऑपरेशनचं ऐकलं आणि बाहेर येऊन तो बहिणीसमोर उभा राहिला. थोड्या वेळाने तो जिन्यात जाऊन रडला. तिथे येणारे-जाणारे वळसा घालून जात होते.

संयोगिताने एक गोष्ट ठरवून टाकली. आता ह्या घरात ह्या पोरीशी कोणी खोटं बोलणार नाही. बोलायचं तेव्हा बोलू, बेताने बोलू, पण खोटं नाही. तिने हे अक्काला तोंडावर ऐकवलंही. अक्का "सरी, बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नयना चांगली शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडले होते. पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून संयोगिता ओला कापूस फिरवत होती. अक्का पायथ्याशी उभी राहून तिचे तळवे चोळत होती. भेटायची वेळ होत आली होती. शेजारच्या सुब्बारावांची बायको येणार म्हणून निरोप होता. ती आपल्या दोन्ही सुनांना घेऊन येणार होती.

"आई, ह्या वेळी काय काढलं?"

संयोगिताचा हात थांबला. तळवे चोळणारे हातही थांबले.

"शाळेत विचारतील," नयना म्हणाली. "अपेंडिक्स तर आधीच सांगून झालंय."

बाहेर व्हरांड्यात चपलांचे आवाज यायला लागले होते. ओळखीचा एक मोठा आवाज नर्सला वॉर्ड विचारत होता. संयोगिताने वर पाहिलं. अक्का खाली मान घालून उभी होती. ती सुचवायला तयार नव्हती. तिने शब्द दिला होता.

"हर्निया," संयोगिता म्हणाली. "कोणी विचारलं तर हर्निया म्हणायचं."

नयनाने मान हलवली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण डॉक्टर म्हणाल्या, दर महिन्याला यायचं. अपेंडिक्सला नव्हतं यावं लागलं."

"हर्नियाला लागतं," संयोगिता म्हणाली, आणि पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून खाटेवरचा स्वेटर उचलून तिने अक्काच्या हातात दिला.