सही-शिक्क्याची चौदा पानं

आमच्या साहेबांचा एक हट्ट आहे. शिक्का नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नाही. मी नोटीस कॉम्प्युटरवर नीट टाईप करते. ते तिची प्रिंट काढायला लावतात, सही करतात, शिक्का ठोकतात, आणि मग तो कागद स्कॅन करून मी वेबसाईटवर चढवते. चढवताना एक चौकट येते, ‘चित्राचं वर्णन’. ती रिकामी ठेवली तर गाडी पुढे सरकत नाही. म्हणून गेली चार वर्षं मी तिच्यात डोळे झाकून ‘सही-शिक्का’ लिहीत आले.

माझ्या दादाला दिसत नाही. कॉम्प्युटर मजकूर बोलतो आणि तो ऐकतो. आमच्याच ऑफिसात टेलिफोनवरच्या जागेसाठी त्याने अर्ज केला, तेव्हा मला बजावलं होतं, ‘‘तिथलं एक अक्षर मला सांगायचं नाही. वशिला नको.’’ भारी मानी माणूस. नजर गेल्यापासून आठ वर्षांत त्याने कोणाकडून साधं पत्र वाचून घेतलं नाही. मी तोंडाला कुलूप लावलं.

मुलाखत शुक्रवारी होती; तसं पत्र सगळ्यांना ईमेलने गेलं होतं. सोमवारी ती बुधवारवर आली. नोटीस मीच टाईप केली, मीच चढवली. वेबसाईटवर आहे म्हणजे दादा वाचेलच, या भरवशावर मी निवांत.

बुधवारी त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलं. मी जिन्यात जाऊन फोन केला. तो शुक्रवारसाठी शर्टाला इस्त्री करत होता.

साहेब वाईट नाहीत, त्यांनाही चुटपुट लागली. पण नोटीस वेळेत लागली होती, जागा दुपारीच भरली होती. ते तरी काय करणार, आणि मी तरी काय?

संध्याकाळी दादाच्या खोलीवर गेले. तो आमच्या वेबसाईटवर तक्रारीचे नियम शोधत बसला होता. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं कॉम्प्युटरला वाचता येत नाहीत; तो माझ्या चौकटीतलं तेवढं बोलत होता, ‘‘चित्र. सही-शिक्का. चित्र. सही-शिक्का.’’ नियमांची चौदा पानं होती. सोमवारीही हेच ऐकू आलं, दादा म्हणाला. वाटलं, जुनंच पत्र शिक्का मारून पुन्हा लावलंय.

‘‘हे लिहितं कोण गं?’’

‘‘मी.’’

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मग त्याने आवाज बंद केला आणि खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘तूच वाचून दाखव.’’