नक्षी नसलेली लाँगबोर्ड

“ती खालची नका बघू मॅडम, ती शिकाऊ लोकांसाठी आहे.”

मित्रांनो, हे बोल ऐकून बरीच वर्षे झाली, तरी तो आवाज माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे. दुकानदार हे म्हणाला तेव्हा मी मांडणीच्या तळच्या कप्प्यात धूळ खात पडले होते. समोरच्या बाईने शांतपणे विचारले, “मग मी कोण आहे?”

ती बाई कपडे शिवणारी. वय चाळिशीपलीकडचे, गळ्यात मापाची टेप. शेजारी हाताची घडी घालून तिची थोरली बहीण उभी होती. दोघींचे मिळून एक शिवणाचे दुकान होते. हिला सगळे धाकटी म्हणत, म्हणून मीही धाकटीच म्हणते.

मी एक जुनी लाँगबोर्ड आहे. चार चाकांची लांब फळी. माझ्यावर एक पाय रोवायचा, दुसऱ्याने रस्ता मागे ढकलायचा आणि निघायचे. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, यंत्राखाली दाबून माझे अंग घडले. माझ्या बहिणींच्या अंगावर वाघ आले, लाटा आल्या, ज्वाळा आल्या. माझ्या वाट्याला साधा पिवळा रंग आला, म्हणून मी स्वस्त. पण लाकूड तेच, सरस तोच, दाबही तोच! हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

दुकानदाराने वाघवाली काढली. “ही न्या. बघत राहावंसं वाटेल.”

धाकटीने ती उलटी करून पाहिली. “वाघ खालच्या अंगाला आहे. मी उभी राहणार वर. मग बघणार कोण, रस्ता?”

दुकानदार हसला, पण वाघ काही आत ठेवीना. धाकटीने वाघवालीवर पाय ठेवला. “फार उंच आहे हो. दुसरा पाय जमिनीला टेकवायचा तर गुडघा किती वाकवू?” मग तिने मला ओढून बाहेर काढले. टेप लावून आधी स्वतःचे पाऊल मोजले, मग माझी रुंदी. माझे चाक नखाने दाबले. “मऊ आहे. खडा आला तर गिळेल. कडक चाक मला तोंडावर पाडायचं.” शेवटी मधोमध उभी राहून तिने अंग हलकेच झुलवले. मी लवले आणि पुन्हा सरळ झाले. “ही लवते. हीच द्या.”

“या वयात पायाला चाकं लावणार!” थोरली म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“लोक कपडे न्यायला येतीलच ना ताई? तेव्हा विचारू त्यांना.” मग म्हणाली, “आयुष्यभर पायाने मशीन हाकलं गं. चाक गरगर फिरतं आणि मी आपली तिथंच.”

थोरलीने ओठ घट्ट मिटले. तिला बोलायचे होते ते काही वेगळेच असावे, असे मला तेव्हाच वाटले.

रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, आम्ही मागच्या सरळ गल्लीत जात असू. धाकटी आधी भिंतीला धरून उभी राहिली, मग भिंत सोडून, मग दोन्ही हात पसरून. गल्लीतली पोरे गाणे म्हणत,

मावशी आली चाकावर,
घसरली की नाकावर!

“नाक माझंच आहे रे, तुमचं नाही ना?” धाकटी ओरडे आणि पुन्हा रस्ता ढकले. काही दिवसांनी पोरांचे गाणे थकले. आम्ही थकलो नाही.

घात झाला तो तिच्याच कसबी हातांनी. माझ्या आसांत रबराच्या जाड चकत्या असतात. माणूस ज्या बाजूला झुकतो, त्या बाजूला त्या दबतात, आणि मी वळते. त्यामुळे आस थोडे हलतात, थोडी खडखड होते. पण शिवणयंत्राचा स्क्रू सैल पडला की टाका बिघडतो. सैल दिसले की आवळायचे, ही धाकटीच्या हातांची जन्माची सवय. तिने पाना घेतला आणि माझे नट पार आवळून टाकले. मी कुरकुरले. तिने वर शिवणयंत्राचे तेल सोडले!

खडखड थांबली. माझे वळणेही थांबले.

सरळ गल्लीत हे कोणाला कळणार? पण त्या दिवशी धाकटी पहिल्यांदाच कोपऱ्यावरून वळायला निघाली. ती झुकली. मी ताठ. पदपथाच्या कडेला चाक आदळले, आणि धाकटीचे मनगट मोडले.

दुकानात शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पडलेले. सगळे काम एकट्या थोरलीवर आले. येणारा प्रत्येक जण प्लॅस्टरकडे बघून म्हणे, “स्वस्तातली वस्तू, दुसरं काय होणार?” मित्रांनो, मला तोंड असते तर मी एकेकाला दारातच अडवले असते. अहो, पाना फिरवून बघा! वाघवालीचे नट असे आवळले असते तर वाघसुद्धा वळला नसता!

थोरलीने माझ्या चाकांखाली लाकडाच्या पाचरी मारल्या आणि माझ्यावर बटणांचे डबे रचले. रस्ता गिळणारी मी, डबे सांभाळत बसले. धाकटी एका हाताने बटणे निवडी आणि अधूनमधून माझ्याकडे बघे.

प्लॅस्टर निघाल्यावर तिने पहिलाच झगा मशीनवर घेतला. शिवण घातली तर कापडाला चुण्याच चुण्या. थोरली वाकून म्हणाली, “दोरा फार ताणलायस. सैल कर जरा, कापडाला श्वास घेऊ दे.”

धाकटीने दोऱ्याचा ताण कमी केला. शिवण सरळ आली. तिचा हात तसाच थांबला. ती उठली, डबे खाली ठेवले, मला उलटी केली आणि अंगठ्याने माझी रबराची चकती चाचपली. ती दगडासारखी झाली होती.

“ताई, चुण्या हिला पण पडल्यात.”

“हात लावू नकोस. दुपारी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय.”

“मग दुपारपर्यंत ही माझी आहे. एक वळण घेऊन येते. नाही वळली, तर तू तुझ्या हाताने देऊन टाक.”

पाना उलटा फिरला. पहिल्या वेढ्याला माझ्या अंगातून कळ गेली, दुसऱ्याला मी श्वास घेतला. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वस्तू घेताना तिची नक्षी बघू नका, आपल्या पावलाचे माप बघा. आणि घेतलीत तर तिला तिच्या चालीने हलू द्या. आवळून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे.

आम्ही कोपऱ्याकडे निघालो. थोरली दुकानाच्या पायरीवर उभी, दोन्ही हातांत कापड पिळत. धाकटी झुकली. मी झुकले. चकती दबली, आस फिरले, आणि तो कोपरा माझ्या पोटाखालून अलगद निघून गेला. खडखडत, मोठ्याने खडखडत मी वळले! सगळ्या रस्त्याने ऐकावे म्हणून खडखडले!

परत आलो तेव्हा थोरली पायरीवर बसली होती. धाकटी धापा टाकत म्हणाली, “वळली, ताई. आता बोल काय बोलायचंय ते.”

थोरलीने तिचे नुकतेच जुळलेले मनगट हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

“तू पडलीस ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “आता ही कुठं जायची नाही, माझ्याजवळच राहील, असं वाटलं. तुझं हाड मोडलं आणि मला बरं वाटलं गं. तेव्हापासून धड झोप नाही मला.” तिने मनगट सोडले. “भंगारवाल्याला मी सांगते नको म्हणून. जा. आणखी एकदा वळून ये.”