पायऱ्यांचे दगड

दगड काही हलेना. बायानं पहार खाली सारली, वर अंगाचा सगळा भार टाकला, तरी तो आपला जागच्या जागी.

"माज्या आज्यानं बसवलाय," वरच्या पायरीवरून शिदू आबा म्हणाला. "तुज्या पहारीला भीक न्हाई घालायचा त्यो."

"आबा, हात लावा, न्हाईतर बाजूला सरा."

"हात लावाय न्हाई, अडवाय आलोय. यवढा पावसाळा जाऊ द्या. नवी वाट टिकतीय का बगा, मंग खुशाल मोडा जुनी."

"आन् माज्या सुनंचं दिस पावसाळ्यातच भरत्यात, तिला कुटनं न्यायची? नवी वाट आत्ताच पक्की झाली पायजे."

म्हातारा बाजूला सरला. बाकीच्या बायकांनी पहारी लावल्या आणि दगड उचकटून निघाला.

करंजवाडी पवना धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. मूठभर घरं. खालच्या गावात उतरायला एकच वाट होती, उभ्या दगडी पायऱ्यांची. जुन्या माणसांनी इर्जिक घालून, म्हणजे घरटी एक माणूस बिनमजुरीचा लावून, ती बांधली होती. आजारी माणूस झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि खांदे बदलत उतरायचं. पान लागलेलं, साप डसलेलं माणूस, झाडावरून पडलेलं, अडलेली बाई, सगळी याच वाटेनं गेली. काही चालत परत आली. काहींची नुसती झोळी परत आली.

त्यामुळे उन्हाळ्यात हृतिकनं बातमी आणली तेव्हा बायाचे कान टवकारले. हृतिक तिचा लेक, धरणाच्या काठावर पर्यटकांचे तंबू असतात तिथं कामाला. पुण्याच्या जीपवाल्यांच्या एका क्लबाला खालच्या गावापासून वाडीच्या वरच्या सड्यापर्यंत, त्या उघड्या कातळ-पठारापर्यंत, गाडीचा ट्रेल काढायचा होता. हत्यारं क्लबाची, माणसं वाडीची. जमीन वाडीच्याच मालकीची, तेव्हा कुणाच्या पाया पडायचं नव्हतं.

क्लबाचा म्होरक्या अतुल नावाचा होता. गोड बोलायचा, पण खोटं बोलायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "मावशी, आम्ही हौशी माणसं. खड्डा, चिखल, चढ यातनं गाडी काढायची, हा आमचा खेळ."

"खेळा की," बाया म्हणाली. "रविवार तुमचा, बाकीचं वार आमचं. गाडी दारापत्तुर आली म्हंजी झालं."

पुन्हा इर्जिक पडली. बाप्यांनी दरड तासली, बायकांनी मुरूम ओढला. पुण्याची पोरंही आली, हातमोजे घालून. दुपारपर्यंत त्यांच्या हाताला फोड आले, पण एकही पळालं नाही. बाया त्यांच्यावर खूश होती.

अडचण होती ती खिंडीची. मधे एका जागी नवी वाट दोन कातळांमधून जायची आणि तिथं पावसाळ्यात झरा फुटायचा. वरचा मुरूम जितका घट्ट दिसायचा तितकी खालची माती पाणी पिऊन फुगायची. तिथं फरसबंदी हवी, हे बायानं ओळखलं. चपटे, जड, जुने दगड हवे होते, आणि तसले दगड पायऱ्यांनाच होते. गाडी दारात आल्यावर पायऱ्या चढणार कोण? तिनं घरोघर जाऊन हे पटवलं. मग आबाला न जुमानता खिंडीच्या वरच्या अंगाच्या सगळ्या जुन्या पायऱ्या उचकटून खिंडीत अंथरल्या.

पहिली जीप वाडीत आली तेव्हा नारळ फुटला. अतुलनं हृतिकच्या बायकोला, उज्ज्वलाला, पुढं बसवून सड्यावर फिरवून आणलं. ती उतरली ती पोट धरून हसतच.

"आत्या, आतलं पन नाचाय लागलंय."

"बापावर गेलंय," बाया म्हणाली. "गाडी दिसली की चळतंय."

मग पाऊस लागला. मावळातला पाऊस, सुरू झाला की दिवस-दिवस डोंगर दिसत नाही. रविवारी जीपगाड्या आल्या, पुढच्या रविवारी जास्त आल्या. चाकोऱ्या पडल्या, त्यात पाणी शिरलं, पाण्यानं चाकोरीचा ओहळ केला. सोमवारी वाडीनं मुरूम टाकायचा, रविवारी गाड्यांनी काढायचा. तरी खिंड शाबूत होती. तिथं फरशी होती.

एका सोमवारी बाया खिंडीत गेली तर फरशी नव्हती. गुडघाभर रेंदा होता. तिनं कडेनं डोकावून पाहिलं. दगड खाली ओढ्यात पडलेले.

तिनं घरी येऊन हृतिकला धरलं. "कुणी काडलं दगड?"

"क्लबानं. गाडीची विंच लावून, वडून." तो वर बघेना.

"आन् तू काय करत हुतास?"

"आये, त्यांचं म्हननं, सगळ्यात चांगली जागा हीच, आन् आपुन ती गुळगुळीत करून ठिवली. मजाच येईना त्यांना."

"मी इचारलं, तू काय करत हुतास."

"...वायररोप धरली हुती."

"भले बहाद्दर! मजा यीना म्हनं. भाताची खाचरं चिखलत्यात तशी वाट चिखलून ठिवली, आता लावा म्हनावं त्यात आवणाची रोपं!"

"माजी नोकरी त्येंच्यामुळं चालतीय, आये! तंबूत ऱ्हानारी मानसं तीच हायेत."

"आन् तुजी बायकू कुनामुळं चालनार हाय?"

उज्ज्वला चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "भांडू नगा. मी पुढल्या आठवड्यात खाली मावशीकडं जाऊन ऱ्हाते."

तेवढी सवड मिळाली नाही. रविवारी सकाळीच तिच्या कळा सुरू झाल्या. पाणी गेलं. जाणत्या बाईनं पोट चाचपलं आणि बायाला बाहेर बोलावलं. "आडवं हाय. हितं न्हाई व्हायाचं."

हृतिक धावत सड्यावर गेला. अतुल लगेच गाडी घेऊन आला. उज्ज्वलाला मागं झोपवलं, बाया उशाला. गाडी खिंडीपर्यंत आली आणि थांबली. खिंडीत क्लबाचीच दुसरी जीप आडवी झाली होती, एक चाक वर, दार चिखलात. दोन कातळांमधे बुचासारखी बसलेली.

"दहा मिनिटं," अतुल म्हणाला. "ओढून काढतो."

रोप ताणली. गाडी हलली, आणखी खोल रुतली. पुन्हा ताणली. उज्ज्वला दातात पदर धरून कण्हत होती. खालच्या गावात ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिल्याचा फोन आला.

"झोळी करा," बाया ओरडली. "जुन्या वाटनं घ्या!"

वाडीपर्यंत मागं फिरून जुन्या वाटेच्या तोंडाशी आल्यावर सगळे उभे राहिले. जिथं पायऱ्या होत्या तिथं लाल मातीचा ओला पाट होता, सरळ खाली. उचकटलेल्या दगडांचे खळगे पाण्यानं भरलेले. शिदू आबानं बायाकडं पाहिलं, मग झोळीला हात घातला. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

बाप्ये बसून उतरले. झोळी छातीवर, पाय मातीत रोवत, वीतवीत. अतुलनंही झोळी धरली होती. त्याचा बूट रुतून राहिला, तो तसाच निघाला. एकदा माती सुटली. चौघे घसरले, झोळी कातळाला घासली आणि उज्ज्वला ओरडली. मग ओरडायची थांबली.

दवाखान्यात उज्ज्वला वाचली. मुलगी होती. सगळी होती, नखंसुद्धा होती. रडली नाही.

पावसानं थोडी उघडीप दिली तशी वाडी ओढ्यात उतरली. कुणी हाळी दिली नव्हती. रेंद्यात बुडालेले दगड शोधायचे, दोर बांधायचे, पायऱ्यांसाठी ओढून वर काढायचे. जो दगड खाली ढकलायला एक माणूस पुरत होता, तो वर आणायला चौघं लागत होती. हृतिकनं तंबूवरचं काम सोडलं होतं. त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "अतुलभाऊ. रडतोय. ट्रेल बंद केला म्हनतोय."

"मंग?"

"क्लबाला दुसरा डोंगर दावलाय कुनीतरी."

शिदू आबा दोर वळता वळता थांबला. "तितल्या वाडीला सांग म्हनावं, पायऱ्या जपा."



बायानं मान वर केली तर ओढ्याच्या काठावर उज्ज्वला उभी. डोक्याला फडकं, पाय अनवाणी. बाया हातातलं टाकून धावली.

"आगं, घरात जा! ओली बाळंतीण तू, वारं लागंल."

"बाळंतीन कसली, आत्या?" उज्ज्वला म्हणाली. "पोर कुटंय?"

ती खाली उतरली. दोर बांधलेल्या एका दगडाला तिनं दोन्ही हात घातले. बायाला तिला आवरायचं होतं. त्याऐवजी ती दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि जास्तीचा भार आपल्याकडं येईल असा त्याला खालून हात लावला.

"घ्या," उज्ज्वला म्हणाली. आणि वरच्यांनी दोर ओढला.