ब विंगच्या होळीसाठी एक खुर्ची

नीला कर्णिकांच्या दिवाणखान्यात पंखा तेवढा कुरकुरत होता आणि टीपॉयवर निळ्या मखमलीची एक डबी जांभई दिल्यासारखी उघडी पडली होती. तिच्यातली मोत्यांची नथ काल सकाळी नाहीशी झाली होती. डबीच्या एका बाजूला निवृत्त हवालदार दत्ताराम सावंत, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीतले निवृत्त तपासनीस श्यामसुंदर गुप्ते. दोघेही डबीकडे टक लावून पाहत होते. कारण तसे केले की एकमेकांकडे पाहावे लागत नव्हते.

एके काळी अख्खे मुलुंड या तिघांना त्रिकूट म्हणत असे. गोराईच्या बोटीवरून गायब झालेली चांदीची पालखी, सांताक्रूझचा खोटा वैद्य, घाटकोपरच्या साडीच्या दुकानात पुतळा होऊन उभा राहिलेला चोर: सगळी प्रकरणे याच दिवाणखान्यात, नीलाताईंच्या आल्याच्या चहावर उलगडली होती. मग घाटकोपरच्या प्रकरणानंतर सत्कार झाला. गुप्ते तासभर बोलले आणि त्या तासात सावंतांचे नाव एकदाही आले नाही. चोराची मानगूट ज्याने धरली होती, तो पहिल्या रांगेत हार गळ्यात घालून बसला होता. तेव्हापासून सहा वर्षे दोघांमध्ये अक्षर नाही.

"मावशी, किती वेळ असं बसायचं?" नीलाताईंचा भाचा शौनक अखेर म्हणाला. "काकांना काही सुचत नसेल तर संध्याकाळी चौकीत जाऊ. घरात बाहेरचं माणूस एकच होतं."

स्वयंपाकघराच्या दारात स्वयंपाकाला येणारी रुक्मिणी उभी होती. या घरातल्या फोडणीचा वास तिच्या लुगड्याला वर्षानुवर्षे चिकटलेला. "काल माझी पिशवी तुम्हीच जमिनीवर उपडी केलीत ना, दादा?" ती म्हणाली. "आता चौकीत करा. फक्त पुरण शिजू दे. सणाचा नैवेद्य राहायला नको." आवाज ठाम होता, पदराचे टोक मात्र बोटांत पिळवटून दोरीसारखे झाले होते.

"पिशवी माझीही तपासली की," शौनक म्हणाला. "मी स्वतःच आधी रिकामी करून दाखवली." त्याने घड्याळ पाहिले, फोन करायचा आहे असे पुटपुटला आणि खाली उतरला.

दत्ताराम स्टुलावर अवघडून सरकला. "माझी खुर्ची कुठे गेली, नीलाताई?"

"वेताची? अहो, पाय मोडून दोन वर्षं झाली. काल शौनकने दुरुस्तीला न्यायची म्हणून जिन्यात काढून ठेवली आणि दुपारी पोरांनी होळीसाठी पळवली. सणाचं काय बोलणार त्यांना!"

दत्तारामला हळहळ वाटली. त्या खुर्चीत बसून त्याने आयुष्यातले सगळे चांगले विचार केले होते. तो गॅलरीत गेला. खाली, अ आणि ब विंगच्या दोन होळ्या शेजारी-शेजारी रचल्या जात होत्या, एकमेकींवर डोळा ठेवणाऱ्या जावांसारख्या. अ विंगच्या ढिगाऱ्यावर त्याची खुर्ची उताणी पडली होती, तीन पाय आभाळाकडे. तिच्याजवळ उभा राहून शौनक पोरांशी हुज्जत घालत होता.

"अरे, वखारीतून टेम्पोभर लाकूड आणून देतो! फक्त ती मोडकी खुर्ची द्या."

"होळीत पडलं ते होळीचं, शौनकदादा! बाहेर नाय काढत."

"दोन टेम्पो!"

"जाव ना, दादा. चिंगूस माणसा, मागच्या वर्षी काडी तरी दिली होती काय?"

दत्तारामच्या मेंदूत जुने, गंजलेले काहीतरी करकरत फिरले. त्याच क्षणी त्याच्या खांद्यामागून गुप्त्यांचा कडक इस्त्रीचा आवाज आला.

"होळीला चोरलेल्या मोडक्या खुर्चीसाठी कुणी रडत नाही, सावंत."

"रडता तो. म्हणजे खुर्चीसाठी रडत नाय, गुप्ते."

सहा वर्षांतली ही पहिलीच दोन वाक्ये. दोघांनीही ती एकमेकांना नव्हे, समोरच्या आभाळाला ऐकवली होती. मग नाइलाजाने त्यांनी एकमेकांकडे पाहिले.

"झडत्या झाल्यावर नथ घराबाहेर कशी न्यायची?" गुप्ते म्हणाले. "सुताराकडे जाणाऱ्या खुर्चीतून. चला, काढू या ती."

"गप! होळयेतला लाकूड काढूक पाप." दत्ताराम उत्तेजित झाला की थेट मालवणात पोचे. "पण चोरूक पाप नाय. एका होळयेचा चोरून दुसऱ्या होळयेत टाकला तर देवाक पण हसू येता."

"आणि ब विंगची होळी हाकेच्या अंतरावर आहे," गुप्ते संथपणे म्हणाले. त्यांच्या मिशीखाली सहा वर्षांचे गोठलेले हसू ठिबकू लागले.

दिवे लागायच्या सुमारास अ विंगचे लोक ढिगाऱ्याभोवती जमले. शौनक खुर्चीपासून हलत नव्हता. इतक्यात पांढऱ्या शुभ्र सदऱ्यातले गुप्ते काठी टेकत आले आणि पोरांवर डाफरले, "ही होळी आहे की शोकसभा? बोंब मारायला कुणी शिकवलं नाही वाटतं!" मग आयुष्यभर शब्दांना गाळणी लावणाऱ्या त्या गृहस्थांनी उलटा हात तोंडावर मारत अशी बोंब ठोकली की सातव्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले.

"दत्ताराम सावंताच्या बैलाला ढोऽऽल!"

पोरे पिसाळली. गुप्त्यांनी शौनकच्या कंबरेत हात घालून त्याला रिंगणात ओढले. "दत्ताराम सावंत झोपला रेऽऽ! चोर पळाला, टोपी राहिली रेऽऽ!"

ढिगाऱ्याच्या मागच्या अंधुक बाजूने खुर्ची डोक्यावर उचलताना दत्तारामच्या कानांत आपल्याच नावाचे ढोल वाजत होते. सत्काराच्या तासात जे नाव एकदाही निघाले नव्हते, ते आता साऱ्या सोसायटीच्या भिंतींवर आपटून पुन:पुन्हा परत येत होते. 'घे मेल्या, बोंबल,' तो स्वतःशी म्हणाला आणि उगाचच थोडा हळू चालू लागला, आणखी एकदा ऐकू यावे म्हणून.

ब विंगच्या होळीपाशी त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे नीलाताई उभ्या होत्या. शेजारी नैवेद्याचे ताट घेतलेली रुक्मिणी. मागून शौनक धापा टाकत धावत आला, कपाळाला गुलाल, शर्टाची दोन बटणे तुटलेली.

"सावंतकाका, ती खुर्ची माझी आहे! द्या ती!"

"देतंय. आधी माझा सामान काढून घेतंय."

खुर्चीच्या डाव्या हाताचा बांबू पोकळ होता. त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. दत्तारामने ती उपसली आणि खुर्ची उलटी धरून झटकली. नीलाताईंच्या ओंजळीत आधी बिडीची सात-आठ जुनाट थोटके पडली आणि दुसऱ्या झटक्याला त्यांच्यावर, राखेत उगवलेल्या चंद्रकोरीसारखी, मोत्यांची नथ.

"ही थोटकं कुणाची?" नीलाताईंनी विचारले. "माझ्या घरात बिडी बंद होती ना, दत्ताराम?"

"तो दुसरा गुन्हा, नीलाताई," इस्त्री विस्कटलेले गुप्ते येऊन पोचत म्हणाले. "त्याचा तपास मी करीन. एकटा."

रुक्मिणी खुदकन हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळले. दत्तारामने खुर्चीवरून एकदा हात फिरवला आणि ती ब विंगच्या होळीवर ठेवली. पोरांनी आग लावली. वेत तडतडू लागला.

नीलाताईंनी थोटके आगीत टाकली. नथ मुठीतच ठेवली. मग त्या शौनककडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"तुझ्या लग्नात तुझ्या बायकोला हीच घालणार होते रे मी. ते असो. मला एवढंच सांग, काल रुक्मिणीची पिशवी जमिनीवर उपडी केलीस तेव्हा, तिचा चष्मा, तिची औषधं, सगळं वेचताना ती तुझ्या पायांशी बसली होती, तेव्हा तू कुठे बघत होतास?"

आगीचा उजेड शौनकच्या चेहऱ्यावर चढला, उतरला. अ विंगकडून सावंताच्या बैलाची आणखी एक बोंब आली. त्याने रुक्मिणीच्या हातातल्या ताटाकडे पाहिले. मग तो वळला आणि दोन्ही होळ्यांच्या मधल्या अंधारातून, कपाळावरचा गुलाल न पुसता, फाटकाकडे चालू लागला.