क्राऊनवरची खूण

दर्यापूरच्या जानरावांचा शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल पाखऱ्या मेला, त्या दिवसापासून अनुपला घाट चढवता येत नाही असं सगळीकडे झालं.

अनुप आपल्या पेट्रोल पिकअपला ट्रेलर जोडून पटाचे बैल गावोगाव न्यायचा. गाडी घेतली तेव्हाच तो अकोल्याला देवीदास मिस्त्रीकडे गेला होता. मिस्त्रीनं त्याला नीट समजावलं होतं. पेट्रोलचं इंजिन डिझेलसारखं खालून ओढत नाही. मागच्या एक्सलमध्ये हायवेची क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, ठेवली तर गाडी पळेल, पेट्रोलही कमी पिईल. पण भरला ट्रेलर घेऊन चढावर थांबली की पुन्हा उठायला जड जाईल. ओढणारी टाकली तर हायवेवर इंजिन नुसतं ओरडेल, पण घाटात दगा देणार नाही. अनुपनं ओढणारी निवडली. मिस्त्रीनं क्राऊनच्या पाठीवर पंचानं 'अ' ठोकला. अनुपचा दोस्त गोवर्धन त्याच धंद्यातला, त्याचा पिकअपही तसाच होता. यापेक्षा बैलगाडी घ्यायची होती, असं म्हणून तो हसला आणि त्यानं पळणारी ठेवली.

बहिणीच्या, प्रणालीच्या लग्नासाठी अनुप गाडी गोवर्धनच्या अंगणात ठेवून अमरावतीला गेला. परत आल्यावर गाडी जरा जास्तच पळते असं त्याला वाटलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. पुढच्याच खेपेला पाखऱ्या अन् जानरावांना घेऊन जाताना चिखलदऱ्याच्या घाटात समोरून बस आली म्हणून तो थांबला, अन् गाडी पुन्हा उठलीच नाही. क्लच जळाला. ट्रेलरनं गाडीला मागं ओढलं आणि वळणावर ट्रेलर उलटला. पाखऱ्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले. जीव गेल्यावरही जानरावांनी त्याच्या मानेवरचा हात काढला नाही, आणि अनुपकडे वळूनही पाहिलं नाही.

अनुपची सगळी गिऱ्हाइकं गोवर्धनकडे गेली. अकोल्याला मिस्त्रीनं एक्सल उघडला तेव्हा क्राऊनवर 'अ' नव्हता.

अनुप कोणाशी बोलला नाही. पटाचा दिवस येईपर्यंत त्यानं राग नुसता शिजत ठेवला. त्या दिवशी तो देवीदास मिस्त्रीला घेऊनच मैदानात उतरला. गोवर्धनच्या ट्रेलरमध्ये दुसऱ्या गावच्या, उद्याच्या पटाला न्यायचे बैल चढले होते. अनुप त्याच्या गाडीच्या दारासमोर उभा राहिला, म्हणाला, "तुया गाडीत माई क्राऊन हाय. उघडू दे. नसली, तर हे माया गाडीची चावी तुई."

गोवर्धन हसला, उशीर होतो म्हणाला. पण माणसं जमली होती, आणि जानराव पुढे येऊन ट्रेलरला टेकले होते.

"उघड," जानराव मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्रीनं गोवर्धनची गाडी जॅकवर घेतली, क्राऊनसकट अख्खा डिफरेन्शियल खाली उतरवला आणि चिंधीनं तेल पुसलं. पाठीवरचा 'अ' सगळ्यांनी पाहिला. गोवर्धन खाली मान घालून पुटपुटला, की घाटातली भाडी फक्त अनुपलाच मिळत होती. बैल मरेल असं वाटलं नव्हतं.

मिस्त्रीनं ओढणारी क्राऊन-पिनियन तिथंच अनुपच्या गाडीत बसवली. त्या गाडीतून निघालेली दुसरी अनुपनं उचलून गोवर्धनच्या पायाशी टाकली.

"निदान बसवून तरी द्या," गोवर्धन मिस्त्रीला म्हणाला. "गाडी घरी कशी नेऊ?"

मिस्त्रीनं अनुपकडे पाहिलं.

"हत्यारं भरा," अनुप म्हणाला.

जानरावांनी गोवर्धनच्या ट्रेलरची फळी पाडली. कोणाकोणाचे बैल होते, त्यांना विचारलंसुद्धा नाही. एकेक दावं हातात धरून त्यांनी बैल अनुपच्या ट्रेलरमध्ये चढवले. मालकांनीही मुकाट्यानं मदत केली. गोवर्धन उघड्या एक्सलजवळ उकिडवा बसून होता.

गाडी सुरू करताना अनुपला वाटलं होतं, आता छातीवरचं ओझं उतरेल. ते काही उतरलं नाही. रस्ता डावीकडे होता. त्यानं गाडी उजवीकडे वळवली आणि भरला ट्रेलर घेऊन, अगदी सावकाश, गोवर्धनच्या समोरून मैदानाला एक अख्खा फेरा घातला.