दोन ठोके, मग एक

आईने जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली, फडक्याने टेबल पुसलं आणि छकूचा छोटा स्पीकर आणून मधोमध ठेवला.

"लाव," ती म्हणाली. "शेवटचं लाव."

छकू हातात फोन धरून नुसती बसून राहिली. संध्याकाळी मैदानावर कार्यक्रम होता, गाडी कुठल्याही क्षणी येणार होती, केस अजून ओले होते, आणि आईने नेमकं आजच हे काढलं होतं. या गाण्याचं नाव निघालं की ती काहीतरी काम काढून आत निघून जायची. रेडिओवर लागलंच, तर सुरुवातीचा कडीचा आवाज आला रे आला की बटण बंद.

"उद्या ऐकू ना. मला उशीर होतोय."

"सगळ्या जगाने ऐकलं. मीच तेवढी राहिलेय. एकदाचं ऐकून टाकते."

जगाने ऐकलं होतं हे मात्र खरं. छकूच्या आधीच्या दोन अल्बमना कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. 'उघडं दार' आला आणि कंपनीचे जे साहेब तिचा फोन उचलत नसत, ते आपण होऊन 'जेवलीस का' म्हणून विचारायला लागले. सगळा अल्बम म्हणजे एकच घर आणि त्या घरातून भांडून गेलेला मुलगा. एक गाणं त्याच्या चपलांवर, एक त्याच्या टॉवेलवर, एक त्याच्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटावर. लोक ऐकायचे, रडायचे आणि पुन्हा तिकिटं काढायचे. ते घर कुणाचं हे छकूने कुठे सांगितलं नव्हतं, पण सांगायला कशाला हवं होतं? बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा गेला त्या दिवसापासून आईने दाराला कडी लावली नव्हती. बाबा ओरडले, शेजाऱ्यांनी समजावलं, एकदा भुरटा चोर येऊन छत्री आणि बाबांचे नवे बूट घेऊन गेला. आई ढिम्म हलली नाही. मग बाबाच वारले, आणि ओरडायलाही कुणी उरलं नाही. दार लोटलेलं असायचं, बस्स. छकूची गाणी आई भाजी निवडता निवडता ऐकायची आणि चुका काढायची. चपला तपकिरी नव्हत्या, काळ्या होत्या. तो ताट कधी पूर्ण संपवायचा नाही, ते गाण्यात घालायला हवं होतंस.

फक्त शेवटचं गाणं तिला नको होतं, कारण त्या गाण्यातली आई उठते आणि दाराला कडी लावते.

ती कल्पना संगीतकाराची. तो म्हणाला होता, "गोष्टीला शेवट पाहिजे. नुसती वाट बघून कुणी टाळ्या वाजवत नाही." छकूला ते पटलं, किंवा तिने पटवून घेतलं. मग साउंडवाला म्हणाला की कडी खरीच हवी आणि कडी लावल्यानंतरची घराची शांतताही खरीच हवी, स्टुडिओतल्या शांततेला कसली चव नसते. म्हणून एका दुपारी तो आपली यंत्रं घेऊन इथे आला. आई आधी नाहीच म्हणाली. पोरीचं तोंड उतरलेलं बघितल्यावर म्हणाली, "तेवढ्यापुरती."

कडी लागली. बेलची तार काढली. फोन बंद झाले. माइक दाराजवळच्या बोळात उभा राहिला आणि तिघं मागच्या खोलीत, तिचंही दार लावून, पलंगावर चिडीचूप बसली. साउंडवाल्याला माणसं नसलेलं घर हवं होतं, आणि ते म्हणे दोन मिनिटांत मिळत नाही. आईची सारखी चुळबुळ चालली होती. एकदा ती उठायला लागली तेव्हा पलंग करकरला. छकूने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. झाल्यावर साउंडवाला वायरी गुंडाळायच्या आत आईने जाऊन कडी काढली होती.

छकूने गाणं लावलं.

कडी वाजली. मग ती सगळी शांतता आणि त्या शांततेतून हळूहळू वर येणारी टकटक. दोन ठोके, जरा थांबून एक. त्यावर छकूचा आवाज. कार्यक्रमात इथवर आलं की हजारो लोक समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तोच ठेका धरायचे. पहिल्यांदा ते झालं तेव्हा छकूच्या अंगावर काटा आला होता.

आईच्या हातातलं फडकं थांबलं.

"पुन्हा लाव."

छकूने पुन्हा लावलं. आईने स्पीकर ओढून कानाशी धरला.

"ही टकटक कसली?"

"ठेका आहे तो. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये आपसूक आला. शेजारी सुतारकाम चालू होतं ना, तेच असणार. साउंडवाल्याला आवडला म्हणून त्याने तेवढा तुकडा उचलला. आता तर कार्यक्रमात सगळेच तसं वाजवतात. म्हणतात, या ठेक्यानेच अल्बम चालला."

"शेजारचं काम तोवर संपलं होतं. आपण त्यांचं नवं केलेलं घर बघायला गेलो नव्हतो का?"

आई उठली. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या गॅलरीत उघडते. तिथे जाऊन तिने बोटाच्या पेराने काचेवर वाजवलं. दोन, जरा थांबून एक. काच चौकटीत सैल होती, दर ठोक्यामागे बारीक थरथरायची. स्पीकरमधली टकटकही तशीच थरथरत होती.

"उशिरा आला की असा वाजवायचा," आई म्हणाली. "दार वाजवलं तर बाबा उठतील म्हणून. मग मी हळूच जाऊन कडी काढायची. तू झोपलेली असायचीस."

बाबा गेलेले दादाला कुठून कळणार, असं काहीतरी छकूच्या मनात आलं. फोन घेऊन ती बोळात गेली आणि तिने साउंडवाल्याला लावला. तो खुशीत होता.

"मूळ रेकॉर्डिंग? आहे की. का गं?"

"ती टकटक. किती वेळ आहे ती?"

"पुष्कळ वेळ. थांबून थांबून चालू आहे. मध्ये दार ढकलल्यासारखा आवाज येतो, मग परत टकटक. शेवटी कुणीतरी जिना उतरल्यासारखं आहे. ते सगळं कापलं मी, गाण्यात त्याचं काय काम? नवीन काही करतेयस का त्यावर?"

"नाही," छकू म्हणाली आणि तिने फोन ठेवला. समोर दार होतं. कडी खाली लोंबत होती. ती परत आत गेली.

आई तिथेच खिडकीपाशी उभी होती.

"काय म्हणाला?"

"सुतारच होता म्हणे. खालच्या मजल्यावर."

"हो का." आईने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "किती वेळ वाजवत होता सुतार?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

"एकदाच, आई. एकदाच वाजवलं."

आईने मान हलवली. पोरगी खोटं बोलते तेव्हा ती डोळ्यांत न बघता कानाकडे बघते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"मी उठत होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर छकूला बरं वाटलं असतं. "ऐकू काही आलं नव्हतं. उगाच वाटलं, म्हणून उठत होते. तू हात धरलास."

छकूला रडू फुटलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

"आणि आता तो आला तरी मला कळायचं कसं गं?" ती म्हणाली. "सगळेच तसं वाजवतात म्हणतेस."

खिडकीवर टकटक झाली. दोन ठोके, जरा थांबून एक.

छकूच्या पाठीवरचा हात निघून गेला. गेल्या कित्येक वर्षांत आई इतक्या चपळाईने हलली नव्हती. तिने खिट्टी ओढली आणि दोन्ही झडपा उघडल्या. बाहेर कंपनीचा ड्रायव्हर उभा होता, चांगला पिकल्या मिशांचा माणूस, आपल्या गमतीवर स्वतःच खूश होऊन हसत होता.

"मावशी, मॅडमना सांगा, गाडी आलीय."

आईने त्याच्या मागे गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जिन्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याला म्हणाली,

"दार उघडंच असतं, बाबा. नुसतं ढकलायचं."